नाव दिसेपर्यंत

आमच्या घरात उपास करायला बंदी आहे. हे ऐकलं की लोकांना वाटतं, ही माणसं देवधर्म न मानणारी असतील. तसं अजिबात नाही. देव्हाऱ्यात देवीचा टाक आहे, नवरात्रात घट बसतो, रोज माळ चढते, मंगळवारची आरती चुकत नाही. धाराशिवात राहायचं, घर तुळजापूरच्या रस्त्याला, आणि देवीचं काही करायचं नाही, असं कुठं होतं का? सगळं करायचं. फक्त उपाशी राहायचं नाही. एखादी पाहुणी 'आज माझी चतुर्थी आहे' म्हणाली की आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. ती तिला दूध देते, केळी देते, साबुदाणा भिजवलेला नसला तर शेजारून मागून आणते, आणि ती बाई रिक्षात बसेपर्यंत तिच्या पायांकडं बघत राहते. नीट चालते का, तोल जातो का, तेवढंच बघत असते.

हा नियम दादा गेला तेव्हापासूनचा आहे. माझं वजन वाढायला लागलं तेही तेव्हापासूनच. ते कमी करायला निघाले आणि मग कळलं की ह्या दोन्ही गोष्टी एकाच ताटात वाढलेल्या होत्या.

त्या ताटाचं आधी सांगते. दादाच्या उष्टावणाला मामानं स्टीलचं मोठं ताट दिलं होतं. भांड्यावर नाव घालायची पद्धत सगळीकडंच आहे, पण नाव असतं काठावर, नाहीतर बुडाला. मामाची हौस दांडगी. त्यानं तुळजापूरच्या भांडेवाल्यापुढं ठाण मांडून भाच्याचं नाव ताटाच्या मधोमध घालून घेतलं, तेही चांगलं ठळक. दादाचं लहानपणी खाण्यात लक्ष नसायचं. आई आमटीत भाकरी चुरून बरोबर त्या नावावर पसरायची आणि म्हणायची, नाव दिसेपर्यंत जेव. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय की ते कुणी पहिल्यांदा बोललं असेल असं वाटतच नाही.

पुढं त्याला खाण्याची गोडी लागली. दहावीपर्यंत तो चांगला गरगरीत झाला. पोरं त्याला भोपळा म्हणायची आणि तोही त्यांच्याबरोबर हसायचा. मी त्याच्याहून बरीच लहान, काडीसारखी. मला उचलून खांद्यावर घ्यायचा आणि म्हणायचा, हिचं अन् माझं मिळून दोन माणसांचं वजन बरोबर होतं.

बारावी झाली आणि त्याला पोलीस भरतीचं वेड लागलं. आमच्याकडं हे वेड गल्लीगल्लीत आहे. पहाटे बाहेर पडलं की रस्त्यानं पोरं पळताना दिसतात, कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. दादा त्यांच्यात सगळ्यांत मागं असायचा. धाप लागायची, पोटऱ्या भरून यायच्या, आणि घरी येऊन तो पायरीवर बसला की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही असा अलिखित नियम होता. त्या वर्षी घटस्थापनेला गल्लीतली पोरं तुळजापूरहून ज्योत आणायला निघाली. देवीच्या दारातून ज्योत पेटवून घ्यायची आणि आळीपाळीनं पळत आपल्या मंडळापर्यंत आणायची, हे दरवर्षीचंच. दादाही गेला. आला तेव्हा तळपायाला फोड होते, कपाळभर हळदीकुंकू होतं आणि तोंडावर असा आनंद होता की आईनं त्याला दारातच ओवाळलं. त्यानं नऊ दिवसांचा उपास धरला. दसऱ्याला त्याची पँट सैल झाली होती.

तिथून पुढं जे झालं ते आमच्यासारख्याच घरात होऊ शकतं. तो नुसता 'जेवत नाही' म्हणाला असता तर आई भांडली असती, रडली असती, मामाला फोन लावला असता. पण 'उपास आहे' म्हटलं की ती हात जोडायची. दादाला ही मेख सापडली. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मधल्या दिवसांत चतुर्थी आणि एकादशी. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आमच्या सगळ्या नातेवाइकांना लागू पडते. भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचे काप, वर शिंगाड्याचा शिरा, असा उपास ते करतात. दादा तसलं काही घ्यायचा नाही. लिंबूपाणी प्यायचा आणि पळायला जायचा. त्याचे गाल बसले, मान बारीक झाली, आणि शेजारच्या बायका आईला म्हणू लागल्या की पोरगं नशिबानं मिळालं, ह्या वयात एवढी भक्ती कुठं बघायला मिळते. आई पदर सावरत हसायची. तिला खरंच अभिमान वाटत होता, आणि तिचं हसू मला अजून नीट आठवतं म्हणून जास्त वाईट वाटतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर. तेव्हाही त्यांची ड्यूटी बहुतेक मुक्कामी गाडीवर असायची. संध्याकाळी गाडी घेऊन जायचं, रात्री तिकडंच झोपायचं, सकाळी परत यायचं. त्यांना पोरगा दिसायचा तो झोपलेला नाहीतर पळायला गेलेला. एकदा ते म्हणाले होते की हा जरा सुकलाय. आई म्हणाली, देवीचं करतोय. देवीच्या पुढं कोण बोलणार?

एका बुधवारी सकाळी पळता पळता दादा पडला आणि उठला नाही. डॉक्टर म्हणाले, अंगातलं मीठ-पाणी संपलं होतं, त्यात हा पळत राहिला. मी शाळेच्या कपड्यात होते. दप्तर पाठीला होतं ते कुणी तरी संध्याकाळी काढलं. बाकीचं मी सांगणार नाही, सांगता येत नाही.

ते ताट मग माझ्यापुढं आलं. कधी आलं ते आठवत नाही, कुणी ठरवलं असंही नाही. एका संध्याकाळी बसले तर समोर तेच होतं आणि आई भाकरी चुरत होती. पाच जणांचं घर असल्यासारख्या भाकऱ्या ती आधीही करायची आणि नंतरही तेवढ्याच करत राहिली. त्याच्या वाटणीच्या माझ्या ताटात येऊ लागल्या. ती म्हणायची, दोन घास त्याच्या नावाचे घे. मी घ्यायचे. रडायचा वेळ टळावा म्हणून आधी घ्यायचे, मग सवय लागली म्हणून, आणि मग खरोखरच तेवढी भूक लागायला लागली म्हणून.

आता एक गोष्ट सांगते, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. मला त्या नावाची भीती वाटायची. आमटी कमी होत जायची तसं खालून एकेक अक्षर वर यायचं, पिवळट पाण्यातून, आधी काना, मग वेलांटी. जणू खाली कुणी पडलंय आणि मी त्याच्यावरचं एकेक पांघरूण काढतेय. आई समोर बसून बघत असायची. पूर्ण नाव दिसलं की तिचा श्वास सुटलेला ऐकू यायचा. मी भराभर खायला शिकले ती त्यामुळं. मोबाइल आल्यावर तो ताटाला टेकवून ठेवायचा, त्यात बघायचं, ताटात बघायचं नाही, असं जमवलं. बाहेर मैत्रिणींबरोबर जेवायला गेले तरी हॉटेलचं साधं ताट शेवटी शेवटी मी डावीकडं वळवायचे. तिथं काही लिहिलेलं नसायचं, तरी.

पंचविशीला आले तेव्हा माझं वजन दादाच्या भोपळ्या दिवसांतल्या वजनापुढं गेलं होतं. मी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. दिवसभर खुर्ची, मधल्या वेळेत साखरेचा चहा, त्याबरोबर खारी, आणि कुणाचा वाढदिवस निघाला की खव्याचे गुलाबजाम. क्लास दुसऱ्या मजल्यावर. जिना चढून गेले की पोरांना पहिली पाच मिनिटं मी हातवारे करूनच शिकवायचे. एकदा चक्कर आली म्हणून रक्त तपासलं तर साखर काठावर आलेली. डॉक्टर म्हणाले, अजून काही बिघडलेलं नाही, पण वजन उतरवा.

मग मीही तेच केलं जे आजकाल सगळे करतात. मोबाइलमध्ये बघितलं. एक बाई सांगत होती जिऱ्याचं पाणी प्या, एक बुवा सांगत होता आठवडाभर फक्त फळं खा, तिसरा तर सांगत होता की भूक हा मनाचा खेळ आहे. त्याला एकदा आमच्या घरी जेवायला बोलवायला हवं होतं. पण डब्यातली भाकरी टाकून देणं मला जमेना आणि घरात न जेवणं शक्यच नव्हतं. शेवटी एका सकाळी, काय बोलतेय ह्याचा काडीचा विचार न करता, मी आईला म्हणाले की आजपासून मंगळवार धरते.

आई भाकरी थापत होती. तिचा हात तसाच थांबला. तिनं तवा खाली उतरवला, गॅस बंद केला, उठली आणि उंबऱ्यात जाऊन बसली, दाराच्या दोन्ही चौकटींना हात लावून. मला क्लासला जायचं होतं. मी म्हणाले, बाजूला हो. तिनं मान वर केली.

"तुला बी जायचंय का?" ती म्हणाली.

मी त्या दिवशी क्लासला गेले नाही. तिच्यासमोर बसून दोन धपाटे दह्याबरोबर खाल्ले, तेव्हा ती दारातून उठली. मला तिची दया आली आणि तितकाच राग आला. माझे गुडघे दुखत होते, माझं रक्त गोड होत चाललं होतं, आणि मी एक घास कमी खाल्ला तर माझ्या आईच्या डोळ्यांपुढं तिचं पोरगं पुन्हा पडत होतं. मी जेवले तर मी मरणार, नाही जेवले तर ती.

क्लासमधल्या एका मैत्रिणीनं एका आहारतज्ज्ञ बाईचा पत्ता दिला. आई माझ्याबरोबर आली. मला एकटीला पाठवायला ती तयार नव्हती. तिला वाटत होतं, तिथं मला उपाशी राहायचा कागद लिहून देतील. त्या बाई माझ्याच वयाच्या निघाल्या. त्यांनी काल सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, चहा, खारी, दुपारचा डबा, संध्याकाळची भजी. रात्री किती भाकरी, असं त्यांनी विचारलं.

"चार," मी म्हणाले. "दोन माझ्या, दोन दादाच्या."

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. त्या हसून म्हणाल्या, भाऊ जेवायला घरी येत नाहीत का? मी आईकडं बघितलं. आई खाली फरशीकडं बघत होती. मग तीच म्हणाली, "येत न्हाय."

त्या बाईंना पूर्ण कळलं की अर्धवट, मला माहीत नाही. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. कागदावर एक गोल काढला आणि म्हणाल्या, हे तुमचं ताट समजा. निम्म्या ताटात भाज्या, त्यात एक शिजवलेली पालेभाजी आणि काकडी, मुळा, गाजर असं काही कच्चं. उरलेल्या निम्म्यात एका बाजूला मटकी, हुलगे, वरण, नाहीतर अंडं, आणि दुसऱ्या बाजूला भाकरी. भाकरी वाईट नाही, ज्वारी तर चांगलीच, फक्त आपल्याला लागेल तेवढी. चहा दोनदाच, साखर निम्मी, आणि भजीच्या वेळेला फुटाणे. सकाळचं खाणं बुडवायचं नाही. जेवताना मोबाइल बाजूला ठेवायचा, हळू चावून खायचं, घरातल्यांनी एकत्र बसायचं. रोज चालायचं. महिन्याला थोडं थोडं उतरलं तरी पुष्कळ, घाई केली तर अंग रुसतं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याऐवजी आईकडं बघून म्हणाल्या, "काकू, एक लक्षात ठेवा. हिला उपाशी अजिबात ठेवायचं नाही."

आईनं पहिल्यांदा मान वर केली. येताना रिक्षात तिनं तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि पिशवीत ठेवला. तिला नीट वाचता येत नाही, पण गोल कळत होता.

त्या दिवसापासून आईनं माझ्या आहाराचा ताबा घेतला. बाजारातून करडईची भाजी, तांदूळजा, चुका, घोळ, असली भाजी येऊ लागली की मला शेळी झाल्यासारखं वाटायचं. मटकीला मोड आणून ती फडक्यात बांधून ठेवायची. हुलग्याचं माडगं करायची. सकाळी मी चालायला निघाले की गेटपर्यंत येऊन विचारायची की काही खाल्लंय ना. वजन हळूहळू उतरू लागलं. जिना चढून गेल्यावर मी बोलू लागले, आणि पोरांची पाच मिनिटांची मजा गेली.

पण भाकऱ्या तेवढ्याच होत होत्या. मी दोनदा सांगितलं, पीठ कमी घे. ती हो म्हणायची आणि परातीत हात आपोआप तेवढंच पीठ घ्यायचा. आता मी दोन भाकऱ्यांवर थांबायचे, तशा उरलेल्या दुरडीत राहू लागल्या, फडक्याखाली. पूर्वी हे कधी दिसलंच नव्हतं, कारण झोपायच्या आत मी त्या संपवलेल्या असायच्या. सकाळी आई त्या गायीला घालायची, पण रात्रभर त्या घरात असायच्या. पाणी प्यायला उठले की दुरडीवरच्या फडक्याला उंचवटा दिसायचा. इतकी वर्षं मी खात होते तोवर दादा घरात नव्हता. मी खायची थांबले आणि तो परत आला. रोज संध्याकाळी आमच्याबरोबर तोही वाट बघत बसायचा, आणि त्याची भाकरी कुणी खात नव्हतं.

हळू खायचं हे सगळ्यांत अवघड गेलं. मोबाइल नाही, टीव्ही नाही, ताटात बघत चावायचं. पहिले काही दिवस मला त्या नावाकडं बघवत नव्हतं, म्हणून मी समोर बघायचे. समोर आई. भराभर खात होते तेव्हा मी जेवून उठायचे आणि खोलीत जायचे. मागं काय होतं ते मला माहीत नव्हतं. आता मी बसून राहिले, चावत राहिले, आणि बघत राहिले. आई वाढायची, भांडी झाकायची, ओटा पुसायची. रात्रीचं ती जेवत नव्हती.

एखादे दिवशी विचारलं तर म्हणायची, तुझ्या अण्णाबरोबर जेवते. अण्णा घरी असले तर त्यांना जेवायला वाढून म्हणायची, पोरीबरोबर जेवले. अण्णांना एकदा सहज विचारलं तेव्हा ते म्हणाले, तुम्ही दोघी आधीच बसता ना? आम्ही एकमेकांकडं बघितलं. एका घरात राहणारी दोन माणसं, आणि दोघांनाही ती वर्षानुवर्षं एकच खोटं वाटून देत होती. तिचे दंड किती बारीक झाले होते ते मला त्या दिवशी दिसलं. माझ्या अंगावर एकट्या दादाच्याच भाकऱ्या नव्हत्या, आईच्याही होत्या.

तो आश्विनातला मंगळवार होता. पौर्णिमेसाठी तुळजापूरला चालत निघालेली माणसं दिवे लागल्यापासून आमच्या दारावरून जात होती, आणि थोड्या थोड्या वेळानं 'आई राजा उदो उदो' ऐकू येत होतं. अण्णा मुरुमच्या मुक्कामी गाडीवर होते. मी जेवत होते. आईला विचारलं, तू कधी जेवणार. ती म्हणाली, अण्णा आल्यावर. मी म्हणाले, अण्णा उद्या सकाळी येणार आहेत.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी घास खाली ठेवला, तशी ती घाबरून म्हणाली, जेव गं, थांबू नको. मी म्हणाले, तू सांगितल्याशिवाय जेवणार नाही. माझ्याजवळ तेवढी एकच धमकी होती आणि ती तिला कशी लागेल ते मला माहीत होतं.

मग ती बोलली, माझ्याकडं न बघता.

"त्या मंगळवारी सांजच्याला तो इथंच येऊन बसला हुता, तू बसलीस तिथं. म्हणला, आई, एक भाकरी दे, लई भूक लागली. म्या म्हणलं, एवढी एक रात्र काढ. सकाळी देवीला निवद दाखवून सोड. असा मोडू नये उपास, पाप लागतंय." बाहेरून माणसं पुढं निघून गेली. "तव्यावर गरम भाकरी हुती. त्यानं बघितली अन् उठला."

बुधवारी सकाळी निवद दाखवायच्या आधीच तो पळायला गेला होता. पुढचं मला माहीत होतं.

मला खूप राग आला. आईचा आला, दादाचा त्याहून जास्त. उपास खोटा आहे, मला फक्त बारीक व्हायचंय, एवढं एक वाक्य त्याला म्हणता आलं असतं. तो स्वतःच्या खोट्यात अडकला होता आणि आई त्या खोट्यावर श्रद्धा ठेवून बसली होती. पोराला पाप लागू नये म्हणून तिनं भाकरी दिली नाही, इतकी साधी गोष्ट. आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी तिच्या लेखी तो मंगळवार चालूच होता. मला रडू आलं, तिला आलं नाही. तिचं बहुतेक रडून संपलं असावं.

मी उठले. माझं ताट मोरीवर नेलं, घासलं, पुसलं आणि आणून तिच्यापुढं ठेवलं. करडईची भाजी वाढली, काकडी वाढली, मटकीची उसळ डावानं बरोबर मधोमध पसरली, नाव झाकेल अशी. दुरडीवरचं फडकं काढलं आणि त्यातली भाकरी ताटात ठेवली. आई मागं सरकली.

"ही त्याची हाय," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणाले. "त्याचा उपास सोडायचा राहिलाय, आई. तू सोड."

ती ताटाकडं बघत राहिली. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर थोडी उसळ घेतली, उठली आणि देव्हाऱ्यापुढं जाऊन तो तुकडा देवीला दाखवला. पाण्याचा हात फिरवला. परत येऊन बसली आणि तो घास तोंडात घातला. तो तिला चावता येईना. बऱ्याच वेळानं गिळला. दुसरा घास सोपा गेला. इतक्या वर्षांची भूक कशी असते ते मी समोर बसून बघत होते, आणि ती आता घाईघाईनं जेवत होती, जशी मी जेवायचे तशी. मी म्हणाले, हळू जेव, चावून खा.

"आता नाव दिसेपर्यंत उठायचं नाही," मी म्हणाले.

उसळ कमी झाली तसं खालून पहिलं अक्षर वर आलं. आई थांबली. मला वाटलं, आता ही ताट सरकवणार. मी हात पुढं केला. पण ती त्या अक्षराकडं बघत होती आणि तिच्या तोंडाचा कोपरा हलत होता.

"एवढं दिसलं की म्हणायचा, दिसलं, अन् पळायचा बाहेर," ती म्हणाली. "पुरं नाव कधी दिसू दिलं न्हाय त्यानं. निम्मं ताट तसंच टाकायचा. लई लबाड हुता."

आणि ती हसली. दादा लबाड होता, हे तो गेल्यापासून आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. तिनं बोटानं उसळ बाजूला सारली, पुरं नाव बघितलं आणि राहिलेली भाकरी मोडून घेतली. मी उठून तिला ताक वाढलं.